दाराची आतली बाजू

खोली तपासायची तर आधी तिचं दार आतून लावून घ्यायचं, हा त्याचा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. लोक दाराची बाहेरची बाजू बघतात. येताजाता हात तिलाच लागतो, कौतुकही तिचंच होतं. आतली बाजू बिचारी दार उघडलं की भिंतीला तोंड लावून उभी, आणि घरमालकाला अचानक विचारलं तर स्वतःच्या घरातल्या एकाही दाराची आतली बाजू कशी आहे ते त्याला सांगता यायचं नाही. म्हणून आधी दार लावायचं, खोलीच्या मधोमध उभं राहायचं, दारापासून सुरुवात करायची आणि उजव्या हाताने भिंतीभिंतीने फिरत परत दाराशी यायचं. ऑफिसात त्याला सगळे भिंग म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, थोडा वैताग आणि असलाच तर चिमूटभर मान. भाड्याने द्यायच्या घरांच्या नोंदी करणं हे त्याचं काम. भाडेकरू यायच्या आधी घर कसं होतं आणि तो गेल्यावर कसं आहे याचा कागद भिंग करी; कुठे ओरखडा, कुठे टवका, कुठे ओल. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एका नावाजलेल्या जुन्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीत शिरून त्याने शिरस्त्याप्रमाणे दार लावलं, मागे वळला, पेन कागदावर टेकवलं, आणि ते तिथेच टेकलेलं राहिलं.

दारावर ओरखडे होते. ओरखडे त्याला नवे नव्हते. कुत्र्याचे असतात, मांजराचे असतात, सामान आत घेताना कपाटाच्या कोपऱ्याने मारलेला एखादा लांबलचक असतो. बघितलं की कुळी सांगता येते. हे माणसाच्या हाताचे होते, चार-चार, जवळजवळ, वरून खाली आलेले. त्याने सवयीने टेप काढली आणि जमिनीपासून मोजलं. पहिला झुबका सव्वाचार फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीशी. त्याखाली बरीच कोरी जागा. मग दुसरा झुबका जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर. वरच्या ओरखड्यांत मळ बसून ते काळे पडले होते. खालचे ताजे होते, त्यांतून लाकूड पिवळं दिसत होतं. कुणीतरी आधी उभं राहून हे दार खरवडलं होतं आणि मग, मधे किती वर्षं गेली कोण जाणे, बसून. त्याने दार उघडलं आणि बाहेरची बाजू पाहिली. तिथे पितळेची कडी होती, पुसूनपुसून लखलखीत.

पिशवीतून त्याने सहा वर्षांपूर्वीचा कागद काढला. अक्षर त्याचंच होतं, तेव्हा जरा जास्त वळणदार होतं एवढंच. 'लहान खोली. दार सागवानी. आतून निर्दोष. बाहेरून नवी पितळी कडी, उत्तम स्थितीत, आवाज न करता सरकते.' आवाज न करता सरकते, हे त्याने कडी तीनदा मागेपुढे करून मग लिहिलं असणार. त्याचं काम चोख असे. कडी बाहेरून का, हे लिहायला कागदावर रकाना नव्हता, आणि ज्या म्हाताऱ्या नोंदवाल्याच्या हाताखाली तो शिकला त्याचं पहिलं सांगणं हेच होतं, की बाबा रे, काय आहे ते लिही, का आहे ते लिहू नकोस. 'का' लिहायला गेलास तर साक्षीला उभा राहशील आणि नोकरीला मुकशील. भिंगने ते डोळ्यांत तेल घालून पाळलं होतं. किती घरांतून तो फिरला. भिंतीवर फुटलेल्या काचेच्या ग्लासाची नक्षी त्याने 'द्रवाचे डाग' म्हणून लिहिली, बाथरूमच्या दाराला गुडघ्याच्या उंचीवर पडलेला पोचा 'पोचा' म्हणून लिहिला, आणि संध्याकाळी घरी येऊन शांतपणे जेवला.

घर मात्र बघण्यासारखं होतं, त्यात वादच नाही. आठ मजले चढून जाणारी लिफ्ट जाळीच्या दाराची, वर जाताना आत बसायला लाकडी बाक असलेली. दार उघडलं की काळ्यापांढऱ्या फरशीचा लांब दिवाणखाना, छताला प्लास्टरच्या वेली, खिडक्यांना रंगीत काचा, आणि तिन्ही बाजूंनी गच्ची. तिथे उभं राहिलं की शहर पायाशी लोळण घेतं असं जाहिरातीत लिहिलं होतं. न्हाणीघरात चार पायांचा लोखंडी टब. घर जुनं म्हटलं की लोक नाक मुरडतात आणि विंटेज म्हटलं की रांग लावतात, हे गुपित घर दाखवणाऱ्या एजंटबाईंना ठाऊक होतं. गळक्या नळालाही त्या विंटेज म्हणत. भिंग बुटांवर चढवायच्या कापडी पिशव्या घालून या फरशीवर सकाळपासून आवाज न करता फिरत होता आणि एकेक खोली कागदावर उतरवत होता, आणि खरं सांगायचं तर खूश होता. अशा घरात काम करायला मिळालं की त्याला आपणही जरा उंचावर आलो असं वाटे. आता त्याच फरशीवर तो स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभा होता आणि सहा वर्षांपूर्वीची गच्ची त्याला आठवत होती. भाडेकरू साठीचा गृहस्थ होता, नोंदीआधीच सामान आणून बसलेला, बोलायला मऊ. त्याने स्वतःच्या हाताने चहा करून दिला होता. गच्चीत त्याची थोरली बहीण खुर्चीत बसली होती, मांडीवर हातातली पिशवी, पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळलेले. भिंग तिच्यासमोरून गेला तेव्हा ती घाईने म्हणाली होती, "मी निघालेच आहे हं." गृहस्थ हसला होता. भिंगही हसला होता.

"झालं का?" एजंटबाई मोबाइल कानाला लावूनच आत आल्या. "पार्टी साडेबाराला येतेय. कागद तयार हवा."

"इथे दारावर ओरखडे आहेत."

"असतील. सहा वर्षं माणसं राहिली, घर शोकेसमध्ये नव्हतं ठेवलं."

"माणसाच्या नखांचे आहेत."

एजंटबाईंनी मोबाइल खाली घेतला. त्या आत आल्या, वाकल्या, खालच्या झुबक्याशी बोट नेलं आणि न लावताच मागे घेतलं.

"त्या बाई गेल्या मागच्या महिन्यात," त्या मग म्हणाल्या. "भाऊ एकटा काय करणार एवढ्या घरात, म्हणून सोडलं त्यांनी. फार केलं हो त्यांनी बहिणीचं. लोक कुठेतरी नेऊन टाकतात, यांनी शेवटपर्यंत घरात ठेवलं."

"घरातच ठेवलं," भिंग म्हणाला.

"झीज लिहा. नेहमीच्या वापरातली."

"नेहमीच्या?"

"मग काय वेगळी?" असं म्हणून त्या गच्चीकडे गेल्या, आणि जाताना त्यांनी आपली नखं एकदा पर्सच्या पट्ट्यावर उगीचच पुसली. भिंगने लिहिलं. 'लहान खोली, दार, आतून : नेहमीच्या वापरातली झीज.' हे वाक्य त्याने आयुष्यात हजारदा लिहिलं असेल, हात त्याला इतका सरावला होता की अक्षरं बघावीही लागत नव्हती. आज ती त्याने बघितली.

खुणा ओळखायला तो नोकरीत शिकला असं ऑफिसात समजत. ते खरं नव्हतं. ते त्याला आईने शिकवलं होतं. वडिलांच्या नोकरीचा पाय एका जागी ठरेना म्हणून लहानपणी अकरा वर्षांत त्यांनी नऊ घरं बदलली, सगळी भाड्याची, सगळी दुसऱ्याची. 'दुसऱ्याचं घर आहे' हे वाक्य त्याने आपल्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं होतं. भिंतीला टेकू नकोस, दुसऱ्याचं घर आहे. चेंडू बाहेर खेळ, दुसऱ्याचं घर आहे. घर सोडायची तारीख ठरली की आई ओलं फडकं आणि साबणाची वडी घेऊन भिंतींच्या मागे लागे. खिळ्यांच्या भोकांत ती बोटाने टूथपेस्ट भरी, वरून चुन्याचा हात फिरवी, आणि दुरून बघून मान डोलवी. मग मालकाचा माणूस यायचा. तो खोल्यांतून फिरत असताना आई त्याच्या एक पाऊल पुढे असे आणि जिथे काही खूण उरली असेल त्या भिंतीशी पाठ लावून उभी राही, हसत, चहा घेणार का विचारत. सातव्या घरात भिंगने भिंतीवर पेन्सिलीने जहाज काढलं होतं. आईने त्याला मारलं नाही. तिने ते पुसलं, पुन्हा पुसलं, दोन दिवस पुसत राहिली, आणि जहाज गेलं पण त्याबरोबर भिंतीचा रंगही गेला. मागे एक फिकट, गुळगुळीत गोल उरला. मालकाच्या माणसाने आईला बाजूला व्हायला सांगितलं आणि त्या गोलावर बोट ठेवून विचारलं, "इथे काय होतं?" आई काहीच बोलली नव्हती. तेव्हापासून पुसलेली जागा भिंगला लांबून ओळखू येते. डागापेक्षा लवकर येते.

आणि आता आईला सगळी घरं आठवत होती, फक्त हे शेवटचं सोडून. हे त्यांचं स्वतःचं होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला. वाटेल तिथे खिळा ठोकावा, कुणी विचारायचं नाही. घर घेतलं त्या दिवशी त्याने आईच्या हातात हातोडी दिली होती आणि म्हटलं होतं, ठोक, कुठेही ठोक. तिने ठोकला नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं, आधी गमतीचं वाटण्याइतकं, मग गंमत संपली. एकदा गॅस तसाच सोडून ती आंघोळीला गेली. एकदा गाठोडं बांधून निघाली ती थेट बसडेपोत सापडली, कंडक्टरला सांगत होती की आजच घर खाली करायचंय, मालक यायच्या आत. सांभाळायला बायका ठेवल्या, तीन ठेवल्या, तिन्ही गेल्या. आई त्यांना घरमालकीण समजे आणि त्या बसतील तिथली फरशी लगोलग पुसायला घेई. भिंग आणि त्याची बायको दोघांच्या नाकीनऊ आले. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, साडेआठला निघायची ती चारला यायची. तो नऊला निघून सातला. मधले सात तास कुणाच्या भरवशावर सोडायचे हा प्रश्न दोघांनी महिनाभर एकमेकांना विचारला, आणि मग विचारणं बंद झालं, कारण एका रविवारी तो कडी घेऊन आला.

कडी त्याने स्वतः बसवली. सुताराला बोलवायची त्याला लाज वाटली, हे त्याने बायकोला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. आई शेजारी उभी होती. आठ स्क्रू तिने ओंजळीत धरले होते आणि तो मागेल तसा एकेक देत होती. "सरळ बसव हं," ती म्हणाली, "आणि मालकांना विचारलंयस ना?" "विचारलंय," भिंग म्हणाला. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर त्याने बिजागऱ्यांना आणि कडीला तेल सोडलं, म्हणजे सकाळी कडी लागताना तिला कळू नये. कडी आवाज न करता सरकली. पहिले पंधरा दिवस शेजारच्या बाई सांगत, की दुपारी तुमच्याकडून दार वाजवल्यासारखं येतं. मग एकदा त्याच म्हणाल्या, आता काही ऐकू येत नाही. त्या रात्री बायको जेवताना म्हणाली, "रुळल्या वाटतं," आणि दोघांनी आणखी एकेक पोळी घेतली. याला आता नऊ महिने झाले होते. आईला डबा ठेवलेला असे, पाणी असे, खिडकीला जाळी होती, कोपऱ्यात शौचासाठी भांड्याची खुर्ची होती. बायको रविवारी तिला नीट न्हाऊ घाली, केस विंचरी, काही म्हणता काही कमी नव्हतं. फक्त गेल्या रविवारी तिचे हात हातात घेऊन बायको म्हणाली होती, "आईंची नखं हल्ली कापावीच लागत नाहीत, झिजलेलीच असतात. आणि बोटांची सालं बघा कशी निघालीत." तिने आईचं रक्तही तपासून आणलं होतं. रक्तात काही निघालं नव्हतं. भिंगने औषधाच्या दुकानातून मलम आणलं.

ते मलम त्याला आठवलं आणि त्याने लहान खोलीचं दार घट्ट धरलं. आपल्या घराच्या नोंदी आपण कधी केल्या नाहीत, असं त्याच्या मनात आलं. सव्वीस वर्षांत त्याने परक्यांची काही हजार दारं आतून बघितली होती. आईच्या खोलीचं दार तो घरी असे तेव्हा उघडं असे, भिंतीला टेकलेलं, आणि नसे तेव्हा त्याला बाहेरून कडी असे.

नवी भाडेकरीण वेळेवर आली. हसरी होती, केसांवर काळा चष्मा, प्रत्येक गोष्टीला हात लावून बघायची. नवरा गच्चीत फोनवर बोलत राहिला. रंगीत काचांशी ती थांबली, टबाशी थांबली, छताकडे बघत स्वतःभोवती एक गिरकी घेतली. लहान खोलीशी आली तेव्हा मात्र तिचा चेहरा कामाचा झाला. "ही सासऱ्यांना होईल," ती एजंटबाईंना म्हणाली. "त्यांना हल्ली विसरायला होतं. उठून चालायला लागतात, कुठेही." बोलता बोलता तिचा हात कडीवर गेला. तिने कडी सरकवली, मागे घेतली, पुन्हा सरकवली. "ही पण जुनीच का? किती मऊ चालते."

"ओरिजिनल आहे," एजंटबाई म्हणाल्या.

ओरिजिनल नव्हती. सहा वर्षांपूर्वीची होती, कागद भिंगच्या काखेत होता. त्याने घसा साफ केला. "बाई, एकदा दार लावून आतून बघून घ्या," तो म्हणाला.

"आतून? का?"

सव्वीस वर्षांत त्याला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता असं नाही, पण त्याचं उत्तर देणं त्याच्या कामात बसत नव्हतं. एजंटबाई त्याच्याकडे रोखून बघत होत्या. "पद्धत आहे," तो म्हणाला. एवढंच त्याच्या तोंडून निघालं. भाडेकरीण हसली. "तुम्ही बघितलंय ना? मग झालं. तुमच्यावर विश्वास आहे," ती म्हणाली आणि त्याच्या कागदावर जिथे फुली केली होती तिथे तिथे तिने सह्या केल्या. झीज लिहिलेल्या पानावरही केली. सह्या करताना तिचा एक हात दाराच्या बाहेरच्या बाजूवर सहज टेकलेला होता.

लिफ्टमध्ये तो बाकावर बसला. मजले जाळीतून वर जात राहिले. आपण आत्ता ओळखतही नसलेल्या एका म्हाताऱ्याला कडी लावून आलो, असं त्याला वाटलं, आणि ते खोटं आहे असं स्वतःला पटवायला त्याला एकही वाक्य सापडेना. रस्त्यावर ऊन होतं. दुकानांची दारं उघडी होती, सगळी भिंतीला टेकलेली, एकाचीही आतली बाजू दिसत नव्हती. ऑफिसात जायचं सोडून तो बसमध्ये चढला. बायकोला फोन करावा म्हणून त्याने मोबाइल काढला, पण कामावर तिचा फोन कपाटात असतो, आणि लागला असता तरी तो काय म्हणणार होता? घरी जाऊन बघतो. काय बघतोस? दार. समोरच्या सीटवरच्या मुलीने त्याच्या पायांकडे बघून तोंड दाबलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की बुटांवरच्या कापडी पिशव्या तशाच आहेत. काढाव्यात असं त्याला वाटलं, पण वाकणं जिवावर आलं. तो आईच्या दाराचा विचार करत होता. किती उंचीवर असतील? आई लहान चणीची आहे, म्हणजे चार फूट. आणि खालचे? खालचे नसतील, नऊच महिने झालेत. नऊ महिन्यांत माणूस खाली बसत नाही. तो हे पुन्हा पुन्हा मोजत राहिला, आणि एका बाजूला, मनाच्या अगदी तळाशी, कुणी मजुरी देणार असल्यासारखं रिपोर्टचं वाक्यही तयार करत राहिला.

पावणेचारला त्याने घराचं कुलूप उघडलं. घरात शांतता होती. तो पिशव्यांच्या पायांनी आईच्या खोलीपर्यंत गेला आणि दाराला कान लावला. आतून आवाज येत होता. खरवडल्याचा नव्हता. बारीक, एकसारखा, मऊ. थांबे, पुन्हा सुरू होई. हा आवाज त्याने लहानपणी नऊ घरांतून ऐकला होता, पण ओळखायला त्याला वेळ लागला. त्याने कडी काढली आणि दार हळूच ढकललं. आवाज थांबला. आई दोन पावलं मागे सरली. तिच्या हातात डब्याचा रुमाल होता, पाण्यात बुचकळून पिळलेला. तिने त्याच्याकडे पाहिलं, काखेतल्या कागदांकडे पाहिलं, मग त्याच्या पायांतल्या पिशव्यांकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं.

"या साहेब. मालकांनी पाठवलं ना?"

"आई, मी आहे."

"हो हो. बघून घ्या सगळं. आम्ही नुकसान काही केलेलं नाही. मुलगा आहे एक, पण गुणी आहे. भिंतीला हात लावत नाही."

भिंगने दार लावलं. शिरस्त्याने लावलं, दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नाही. तो मागे वळला तोवर आई चपळाईने त्याच्या आणि दाराच्या मधे शिरून दाराला पाठ लावून उभी होती. "चहा घेणार का?" ती म्हणाली. तिच्या हनुवटीखालची शीर उडत होती. बाजूला हो, असं त्याला म्हणायचं होतं. हेच शब्द त्या माणसाने वापरले होते. त्याने तिचे खांदे धरले. पोरीचे असावेत इतके ते हलके होते. ती आपणहून सरकली, तेव्हा सरकली होती तशीच, मान खाली घालून.

दारावर एकही ओरखडा नव्हता. चार फुटांच्या उंचीवर, दोन पंजे पसरून मावतील एवढ्या जागी रंग नव्हता. रंगाखालचं अस्तरही नव्हतं. लाकूड उघडं पडलं होतं, पांढुरकं, ओलं, वापरून झिजलेल्या साबणासारखं गुळगुळीत. कडांना रंग हळूहळू पातळ होत गेला होता. त्याने बोट ठेवलं. बोट घसरलं.

"इथे काय होतं?" त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

या वेळी आई बोलली. "हातांचे डाग हो. मेले हात, सारखे लागतात."

"का लागतात?"

आई विचारात पडली. एवढा सरळ प्रश्न तिला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नसावा. ती दाराकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे, आणि गुपित सांगावं तशी हलक्या आवाजात म्हणाली, "बाहेर कुणी असलं तर कळावं म्हणून. पण लगेच पुसते हो मी. रोज पुसते. मुलगा येतो संध्याकाळी, त्याला दिसता कामा नये. तोच तर मालकांना उत्तरं देतो सगळी."

भिंगच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला त्याचा हात वर जाईना. बाहेर कुलूप वाजलं. बायको आली होती. तिची रोजची पद्धत त्याला ठाऊक होती. आल्या आल्या ती पर्स ठेवी, हातपाय धुई, चहाचं आधण टाकी, एक कप उभ्याने शांतपणे पिई, आणि मग आईची कडी काढी. ही पंधरा मिनिटं तिची स्वतःची होती. तिने तसं एकदा बोलून दाखवलं होतं, आणि त्यात चुकीचं काय होतं? पर्स ठेवल्याचा आवाज आला. पावलं जवळ आली आणि दारापाशी थांबली.

"चहा घ्या ना साहेब," आई आत म्हणत होती, "असं कोरड्या तोंडाने नका जाऊ."

"सुरू झालं," बाहेर बायको स्वतःशीच पुटपुटली. दमलेला आवाज होता, रागाचा नव्हता. "आणि कडी राहिलीच की यांची सकाळी."

कडी सरकली. बाहेरून तिचा आवाज येत नसे, तेल त्यानेच घातलं होतं. आतून येत होता. लहानसा, दातावर दात बसल्यासारखा. नऊ महिने रोज सकाळी आईला तो ऐकू गेला होता. पावलं स्वयंपाकघराकडे गेली, नळ सुटला, पातेल्यावर पाणी पडू लागलं. भिंगने हात उचलला. दारावर थाप मारायला त्याने मूठ वळली, आणि ती त्या पांढऱ्या जागेवर पडणार तोच आईने त्याचं मनगट धरलं. सालं निघालेल्या बोटांची पकड विलक्षण घट्ट होती.

"नका, साहेब," ती म्हणाली. "आत्ताच पुसलंय."